वाळवंटांतील शरद् आणि घोडेस्वार

शरद् ऋतूचें नांव काढतांच महाराष्ट्रीय मनुष्याच्या डोळ्यांपुढें ज्या गोष्टी उभ्या राहत, त्यांत एके काळीं घोड्याचा मान फार मोठा होता. पावसाळा सरावा, नद्यांचे पूर ओसरावे, चिखलाच्या वाटा वाळाव्या, आणि विजयादशमीच्या सकाळीं पागेंतील घोडा धुऊन, त्याच्या गळ्यांत झेंडूची माळ घालून त्याची पूजा करावी, असा आपल्याकडील सरदार-शिलेदारांच्या घरचा रिवाज होता. तिसऱ्या प्रहरीं गांवची शींव ओलांडावयाची, आपट्याचीं पानें सोनें म्हणून एकमेकांस द्यावयाचीं, आणि मग स्वारीस निघावयाचें. आतां पागा राहिल्या नाहींत व स्वाऱ्याही राहिल्या नाहींत. आपट्याचीं पानें तेवढीं राहिलीं. तथापि शरद्, सोनें आणि घोडा या तीन वस्तूंची सांगड आपल्या मनांत कोठें तरी खोलवर शिल्लक आहे, याचा प्रत्यय आम्हांस आपल्या देशांत न येतां एका दूरच्या वाळवंटांत आला, आणि त्याचीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

आमची कन्या संसारानिमित्त अमेरिकेंत राहते. कांहीं वर्षांपूर्वीं तिच्याकडे गेलों असतां ऑक्टोबरच्या अखेरीस तिनें व जांवईबापूंनीं आम्हांस अ‍ॅरिझोना प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यांतील ‘कॅन्यन द शे’ नामक दरी दाखविण्यास नेलें. दरींत घोड्यावरून फिरावयाचें ठरलें. तारुण्यांत माथेरानच्या तट्टांवर दोन-चार वेळां बसलों होतों, त्यापलीकडे अश्वविद्येशीं आमचा परिचय नव्हता. पन्नाशी उलटल्यावर पुनः रिकिबींत पाय घालतांना मनांत धाकधूक नव्हती असें म्हणणें सत्यास सोडून होईल. परंतु वाटाड्यानें जो घोडा दिला तो आमच्याहून प्रौढ वृत्तीचा निघाला, आणि घटकाभरांतच आम्ही भय विसरून इकडे तिकडे पाहूं लागलों.

हा प्रदेश नाव्हाहो लोकांचा. ते स्वतःस ‘दिने’ म्हणजे ‘लोक’ असें म्हणतात. दरीचें त्यांच्या भाषेंतील नांव ‘त्सेयी’, म्हणजे खडकाच्या आंतली जागा. स्पॅनिश लोकांनीं त्या शब्दाचा उच्चार आपल्या परीनें केला, आणि स्पॅनिश लिपींतून तो इंग्रजींत येतां येतां त्याचें आजचें रूप सिद्ध झालें. चिन्ली गांवापाशीं, जेथें दरींतील पाणी बाहेर पडतें तेथें, दोन्ही बाजूंच्या भिंती जेमतेम दोन पुरुष उंच दिसतात. परंतु आंत शिरावें तों त्या वाढतच जातात, आणि पुढें पुढें एक हजार फुटांपर्यंत उभे तुटलेले तांबडे कडे माथ्यावर येतात. तळाशीं वाळूचें सपाट पात्र. मधून मधून शेताचा तुकडा, एखादें कुंपण, मेंढ्यांचा वाडा. समुद्रसपाटीपासून ही वाळू सुमारें साडेपांच हजार फूट उंच आहे. म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंचावरचें हें वाळवंट. त्यामुळें दिवसा ऊन ऊबदार आणि रात्रीं पाणी गोठविणारी थंडी, असा ऑक्टोबरांतील क्रम असतो.

वाळवंट म्हटलें कीं तेथें ऋतु नसावयाचे, एक उन्हाळाच काय तो बारमहा असावयाचा, अशी आपली समजूत असते. ती येथें खोटी ठरते. या प्रदेशालाही आपल्यासारखा पावसाळा आहे. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दुपारच्या वेळीं ढग जमतात, वळवासारख्या सरी कोसळतात, आणि पाहतां पाहतां कोरड्या पात्रांतून तांबड्या पाण्याचा लोंढा धांवतो. त्या दिवसांत दरींत घोडा घालणें धोक्याचें. पूर ओसरल्यावरही वाळू कांहीं काळ फसवी असते. वरून घट्ट दिसते आणि पाय ठेवतांच आंत ओढते. सप्टेंबर सरला कीं आकाश निवळतें, वाळू बसते, आणि वाटा मोकळ्या होतात. दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडे जें घडतें तेंच तेथेंही घडतें. नाव्हाहो लोकांच्या कालगणनेंत ऑक्टोबरच्या सुमाराच्या महिन्याला ‘घाजी’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘पाठीला पाठ’. उन्हाळा आणि हिवाळा या महिन्यांत एकमेकांस पाठ लावून उभे राहतात व आपापल्या वाटेनें जातात, आणि येथूनच त्यांचें नवें वर्ष सुरू होतें. कार्तिक शुद्ध प्रतिपदेस वर्षारंभ मानणाऱ्या आपल्या गुजराती शेजाऱ्यांना ही कल्पना परकी वाटणार नाहीं.

आतां सोन्याविषयीं. आपल्याकडे पानगळ शिशिरांतली, आणि तीही बहुधा रंगावांचूनची. येथें मात्र शरदांतच झाडें रंगतात. डोंगरमाथ्यावर अ‍ॅस्पेन वृक्ष सप्टेंबरच्या अखेरीसच पिवळे होऊं लागतात. तो रंग हळूहळू उतरत उतरत ऑक्टोबरच्या उत्तरार्धांत दरीच्या तळाशीं येतो आणि कॉटनवुड नांवाच्या वृक्षांवर मुक्काम करतो. हा वृक्ष पाण्याच्या आश्रयानें वाढतो; वाळवंटांत जेथें त्याची रांग दिसेल तेथें खालीं ओल आहे असें खुशाल समजावें. त्याचें पान आपल्या पिंपळाच्या पानासारखें, रुंद, टोंकदार आणि लांब देंठाचें. वाऱ्याची झुळूक अंगाला लागण्यापूर्वींच तें थरथरूं लागतें. दिवस लहान झाला आणि थंडी पडूं लागली कीं पानांतील हरितद्रव्य विघटित होतें व त्याखालीं उन्हाळाभर झांकलेला पिवळा रंग उघडा पडतो, असें वनस्पतिशास्त्र सांगतें. म्हणजे हें सोनें बाहेरून येत नाहीं. तें पानांत आधींच असतें, हिरवेपणा गेल्यावर दिसतें. पिंपळाला संस्कृतांत अश्वत्थ म्हणतात, आणि ज्याच्याखालीं घोडे उभे राहतात तो अश्वत्थ, अशी त्या शब्दाची एक व्युत्पत्ति सांगतात. दुपारीं त्या पिवळ्या छायेंत आमचे घोडे बांधले तेव्हां ही व्युत्पत्ति आम्हांस प्रथमच पटली.

तांबड्या कड्यापुढें तीं पिवळीं झाडें, वर गर्द निळें आकाश, आणि वाळूंत घोड्यांच्या टापांचा मऊ आवाज, याचें वर्णन करण्याची आमची योग्यता नाहीं. इतकेंच सांगतों कीं, त्या सकाळीं आम्हांस फार सुख झालें. पायीं चालणाऱ्याचें लक्ष पायांखालीं असतें, मोटारींतला मनुष्य कांचेंतून पाहतो. घोड्यावरच्या मनुष्यास मात्र भूमीचा वेग, वास आणि उंची हीं तिन्हीं एकदम लाभतात. हें सर्व अनादि आहे, हे कडे, हे घोडे, हीं झाडें आणि हा ऋतु युगानुयुगें असेच चालत आले आहेत, असा भास आम्हांस झाला. इतिहासाच्या शिक्षकाला असा भास होणें हें त्याच्या धंद्याला शोभत नाहीं. कडे सोडले तर त्या देखाव्यांतील बहुतेक प्रत्येक वस्तूला सन आहे, आणि तो सन फारसा जुना नाहीं.

प्रथम घोडाच घ्या. घोड्याची जात मूळ उत्तर अमेरिकेंतच उत्पन्न झाली, असें भूगर्भांतील अस्थींवरून सिद्ध झालें आहे. पण सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं तो तेथून नाहींसा झाला. तो परत आला तो स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून. कोलंबसानें १४९३ च्या दुसऱ्या सफरींत घोडे वेस्ट इंडीज बेटांवर उतरविले. १५४० सालीं कोरोनाडोची स्वारी मेक्सिकोहून उत्तरेस या वाळवंटांत आली, आणि १५९८ सालीं ओन्यातेनें न्यू मेक्सिकोंत कायमची वसाहत केली, तेव्हांपासून घोडा या भागांत नांदूं लागला. मूळच्या लोकांनीं घोड्यावर बसूं नये असा स्पॅनिश सत्तेचा निर्बंध होता. परंतु घोडे वळावयास, चारावयास माणसें लागत तीं त्यांच्यांतलींच. ज्यानें जनावर चारलें त्याला त्यावर बसावयास शिकण्यास किती वेळ लागणार? १६८० च्या ऑगस्टांत पोपे नांवाच्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखालीं प्वेब्लो लोकांनीं बंड करून स्पॅनिशांस बारा वर्षें हांकून लाविलें, आणि त्यांचे घोडे चोहोंकडे पसरले, असें इतिहासकार पुष्कळ दिवस लिहीत आले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें मात्र, जुन्या हाडांच्या परीक्षेवरून, त्या बंडापूर्वींच, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, दूरदूरच्या मूळ जमातींत घोडे पाळले जात होते असें दाखवून दिलें. म्हणजे घोडा त्या लोकांच्या हातीं अपघातानें पडला नाहीं. त्यांनीं तो आपणहून व लौकर आपलासा केला.

किती आपलासा केला याचें प्रमाण त्यांच्या देवकथांत आहे. नाव्हाहो लोकांचा सूर्यदेव रोज पूर्वेच्या घरांतून निघून सोन्याची तबकडी घेऊन घोड्यावरून पश्चिमेच्या घरीं जातो. त्याला पांच घोडे आहेत: एक पिरोजाचा, एक पांढऱ्या शंखाचा, एक मोत्याच्या शिंपल्याचा, एक तांबड्या शिंपल्याचा व एक कोळशाचा. दिवस प्रसन्न असला कीं तो पहिल्या तिघांपैकीं एकावर बसतो; वादळाच्या दिवशीं पाळी उरलेल्या दोघांची. आपल्या सूर्याच्या रथाला सात घोडे, त्यांच्या सूर्याच्या पागेंत पांच! आपली कथा वैदिक काळाची. त्यांच्या कथेंत घोडा शिरून तीन-चारशें वर्षांहून अधिक काळ लोटला नसावा. परंतु कथेला वय विचारूं नये. जी वस्तु आपल्या देवाच्या हातीं दिली ती परकी राहत नाहीं.

पण तोच घोडा दुसऱ्या रूपानेंही या दरींत आला. उत्तरेकडच्या ‘कॅन्यन देल मुएर्तो’ या फांट्यांत एका कड्यावर नाव्हाहो चितारानें काढलेलें एक चित्र आहे. लांब झगे, रुंद काठाच्या टोप्या, हातांत बंदुका, अशी स्पॅनिश स्वारांची रांग घोड्यांवरून चालली आहे, आणि त्यांत एकाच्या झग्यावर क्रूस आहे. १८०५ च्या जानेवारींत अंतोनियो नार्बोना नांवाच्या स्पॅनिश अधिकाऱ्यानें या दरीवर स्वारी केली. तिचें हें चित्र, असें समजलें जातें. नाव्हाहो कुटुंबें कड्याच्या मध्यावरील एका कपारींत लपलीं होतीं. तीं सांपडलीं, आणि वरून व खालून गोळ्या घालून त्यांस मारण्यांत आलें. नार्बोनानें आपल्या वरिष्ठांस ११५ जण मारल्याचें कळविलें व त्यांतील बहुतेक लढवय्ये होते असें लिहिलें. नाव्हाहोंची परंपरा सांगते कीं पुरुष शिकारीस गेले होते, आणि मेलीं तीं बायका, मुलें व म्हातारीं माणसें. दोन साक्षींपैकीं एक कागदावर आहे, एक दगडावर व लोकांच्या मुखीं आहे. आम्ही घोड्यावरून त्या चित्राकडे पाहत होतों, आणि चित्रांतील घोडेही आमच्याच वाटेनें चाललेले दिसत होते.

१८४६ सालीं न्यू मेक्सिको अमेरिकन संस्थानांच्या हातीं गेलें, आणि तीन वर्षांनीं नवा अंमल या बाजूस आला. १८४९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत कर्नल वॉशिंग्टन फौज घेऊन दरीकडे निघाला असतां वाटेंत नाव्हाहोंशीं बोलणीं झालीं. बोलणीं संपलीं, मंडळी उठली, इतक्यांत फौजेबरोबरच्या एकानें नाव्हाहोंच्या कळपांतला एक घोडा माझ्या चोरीचा आहे असें म्हटलें. घोडा द्या अशी मागणी झाली. ती नाकारली गेली. कर्नलानें गोळीबाराचा हुकूम दिला. तारीख ३१ ऑगस्ट. मेलेल्यांत नाव्हाहोंचा वृद्ध पुढारी होता. योगायोग असा कीं त्याचेंही नांव नार्बोनाच. त्याचें वय ऐंशीच्या वर होतें आणि तो तहाच्या बाजूचा होता. एका घोड्यासाठीं तहाचा माणूस गेला, आणि पुढें नऊच दिवसांनीं दरीच्या तोंडाशीं तहाच्या कागदावर सह्या झाल्या. असा तह किती दिवस टिकावयाचा हें इतिहास वाचणारास सांगावयास नको.

खरा प्रलय १८६३ सालीं आला. जनरल कार्लटनच्या हुकुमावरून किट कार्सन यानें नाव्हाहो प्रदेशांतील उभीं पिकें जाळण्यास व जनावरें हस्तगत करण्यास प्रारंभ केला. १८६४ च्या जानेवारींत, बर्फ पडत असतां, त्याच्या तुकड्या या दरींत शिरल्या. उपाशी, कांकडलेल्या कुटुंबांनीं शरण येण्यास सुरुवात केली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यांत कॅप्टन जॉन थॉम्प्सन पुनः दरींत आला आणि त्यानें पीचच्या बागा तोडल्या. पीच म्हणजे आपल्या जुन्या लोकांचा सप्ताळू. तोही घोड्याप्रमाणें स्पॅनिशांबरोबर आलेला आणि घोड्याप्रमाणेंच नाव्हाहोंनीं आपलासा केलेला. शेत जाळलें तर पुढच्या सालीं पेरतां येतें. फळबाग तोडणें म्हणजे ज्यानें ती लाविली त्याला, तुझीं मुलें येथें राहणार नाहींत, असें सांगणें होय. हजारो झाडें तोडलीं, आणि किती तोडलीं याचा हिशेब सरकारीं रुजू केला.

मग लोकांना चालविण्यांत आलें. तीनशें मैलांहून अधिक अंतर, पेकोस नदीच्या कांठीं फोर्ट समनर येथील बोस्क रेदोंदो या छावणीपर्यंत. म्हातारे, गर्भिणी स्त्रिया, पोरेंबाळें चाललीं. कित्येक वाटेंतच पडलीं. छावणींत एके वेळीं आठ हजारांवर नाव्हाहो होते. पाणी खारें, पीक किडींनीं खाल्लेलें, सरपणाला झाड नाहीं. चार वर्षांनीं ही योजना फसली हें सरकारनेंही ओळखलें, आणि १ जून १८६८ रोजीं जनरल शर्मन व नाव्हाहो पुढारी यांच्यांत तह झाला. नाव्हाहोंच्या वतीनें मुख्यत्वें बोलणारा बार्बोन्सितो हा याच दरीचा. आम्हांस आमच्या देशावांचून दुसऱ्या कोणत्याही देशांत धाडूं नका, हेंच त्याच्या बोलण्याचें सार होतें. मूळच्या लोकांना उखडून दुसरीकडे नेण्याच्या त्या काळांत स्वतःच्याच भूमींत परत जाण्याचा हक्क मिळविणाऱ्या जमाती फार थोड्या. त्यांत नाव्हाहो एक. तहांत पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या देण्याचें कलम होतें. त्यांतून पुनः कळप उभे राहिले, पुनः घोडे आले, आणि दरींत पुनः सप्ताळूंच्या कोयी पुरल्या गेल्या. तीं झाडें आजही कांहीं कुटुंबांच्या आवारांत आहेत. आम्ही पाहिलीं तेव्हां त्यांचीं पानें पिवळीं पडलीं होतीं. सोबतचा वाटाड्या त्यांच्याकडे बोट दाखवून क्षणभर थांबला, आणि कांहीं न बोलतां पुढें चालूं लागला.

या दरींतील घोडेस्वारांचें जें चित्र जगभर गेलें तें एडवर्ड कर्टिस या छायाचित्रकाराचें. १९०४ सालीं त्यानें घेतलेल्या त्या छायाचित्रांत अवाढव्य कड्याच्या पायथ्याशीं सात नाव्हाहो स्वार आणि एक कुत्रा ओळीनें चालले आहेत. कड्यापुढें ते इवलेसे दिसतात. त्याच वर्षीं त्यानें पाठमोऱ्या नाव्हाहो स्वारांचें आणखी एक चित्र घेऊन त्याला ‘नाहींसा होणारा वंश’ अशा अर्थाचें नांव दिलें. हे लोक आतां अंधारांत जाणार, त्यांची आठवण तेवढी उरेल, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आज नाव्हाहो राष्ट्राच्या पटावर सुमारें चार लाख नांवें आहेत. पाठमोऱ्या माणसाला पाहून तो कायमचाच चालला असें समजूं नये, हा धडा इतिहासकारांनींही त्या चित्रावरून घेण्यासारखा आहे.

राहतां राहिला तो पिवळा रंग. निदान तो तरी निसर्गाचा निर्भेळ म्हणावा, तर तेथेंही सन आडवा येतो. १९३० नंतरच्या दशकांत असें ठरलें कीं नाव्हाहोंच्या मेंढ्या-शेळ्या गवत खाऊन माती उघडी पाडतात, ती माती वाहून कोलोराडो नदींत जाते, आणि त्या नदीवर बांधल्या जाणाऱ्या मोठ्या धरणाचा जलाशय गाळानें भरून जाईल. जॉन कॉलियर हा त्या वेळचा इंडियन खात्याचा कमिशनर मूळच्या लोकांचा हितचिंतक होता. त्यांच्या भाषा व धर्म राहावे म्हणून तो झटला. परंतु त्याच्याच कारकीर्दींत, १९३३ पासून, कळप कमी करण्याचा हुकूम झाला. शेळ्या विकत घेऊन आगगाडीपर्यंत नेणें परवडत नाहीं म्हणून कित्येक ठिकाणीं त्या जागच्या जागीं गोळ्या घालून मारल्या. पुढें घोडेही ‘जादा’ ठरले. ज्या बाईचें सर्वस्व तिचा कळप होता, तिला हा हिशेब कसा पटावा? आजही त्या पिढीच्या नातवंडांस ही गोष्ट विसरलेली नाहीं.

त्याच मातीच्या भीतीनें त्याच सुमारास या दरींत झाडें लावण्यांत आलीं. पात्राचे कांठ खचूं नयेत म्हणून टॅमरिस्क, म्हणजे आपल्या झाऊच्या कुळांतलें झुडूप, आणि रशियन ऑलिव्ह हीं परदेशीं झाडें आणिलीं. त्यांबरोबर कॉटनवुडचींही रोपें लाविलीं. परदेशीं झाडें इतकीं माजलीं कीं पात्र अरुंद झालें, पाणी खोल कापूं लागलें, आणि कांठचीं शेतें उंच व कोरडीं राहिलीं. चालू शतकाच्या आरंभापासून तीं उपटण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आहे. शरदांत झाऊ नारिंगी-पिवळा होतो, आणि तो कॉटनवुडच्या सोन्यांत असा मिसळतो कीं परक्या मनुष्यास भेद कळूं नये. आम्हांस तरी कळला नव्हता. ज्या रंगानें आमचें मन सकाळीं भरून आलें, त्याचा कांहीं अंश तरी एका सरकारी योजनेंतून उगवला होता, आणि त्या योजनेच्या दुसऱ्या हातानें कळप मारले होते.

येथें वाचक विचारील कीं, इतकें सर्व समजल्यावर आनंद उरतो काय? चार घटका सुखानें घोड्यावर बसावें, रंग पाहावे, आणि घरीं यावें. त्यांत प्रेतें मोजीत बसण्याचें प्रयोजन काय? हा प्रश्न आम्हींही स्वतःस विचारला, आणि उत्तर शोधतांना मन आपल्याच दसऱ्याकडे वळलें.

शरदांत वाटा मोकळ्या होतात त्या सर्वांनाच होतात. आपल्या सीमोल्लंघनाचें सोनें ज्या गांवांवर आपल्या फौजा चालून गेल्या त्या गांवांत कसें दिसलें असेल? १७४२ सालीं नागपूरकर भोसल्यांचे सेनापति भास्करराम कोल्हटकर बंगाल्यांत होते. त्या वर्षींच्या शरदांत काटवा येथें त्यांनीं मोठ्या थाटानें दुर्गापूजा मांडली, आणि पूजेच्या दिवसांतच अलीवर्दीखानानें त्यांजवर अचानक छापा घातला. आपल्या इतिहासांत ही एका मोहिमेची हकीकत आहे. बंगाली घरांत मात्र मराठ्यांचा स्वार ‘बर्गी’ या नांवानें मुलांस निजवितांना म्हणावयाच्या गाण्यांत जाऊन बसला आहे. ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शब्द आपला, घोडा आपला, आणि भीति त्यांची. आपण जर आपल्या पूर्वजांच्या टापांचा आवाज अभिमानानें ऐकतों, तर तोच आवाज पलीकडच्या घरांत कसा ऐकूं गेला हेंही ऐकण्याची तयारी हवी.

एवढ्यानें दसरा साजरा करूं नये असें होत नाहीं. नाव्हाहोंनीं घोडा टाकून दिला नाहीं. ज्या जनावरावर बसून त्यांच्यावर मृत्यु आला, तेंच जनावर त्यांनीं सूर्याच्या पागेंत बांधलें. ज्यांच्या बागा तोडल्या त्यांनीं पुनः कोयी पुरल्या. दुःख जाणूनही ज्यांना ऋतूचें स्वागत करतां येतें, त्यांचा आनंद आमच्यासारख्या पाहुण्याच्या आनंदाहून अधिक खरा आहे. पाहुण्यानें त्यांच्यापासून इतकें शिकावें कीं सुखाला इतिहास असतो, आणि तो जाणल्यानें सुख कमी होत नाहीं. फक्त तें फुकटचें आहे हा गैरसमज जातो.

१९३१ सालीं ही दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली, परंतु भूमि नाव्हाहोंचीच राहिली. आजही त्यांचीं कुटुंबें तेथें शेती करतात, आणि तळाशीं उतरून फिरावयाचें तर पाहुण्यानें नाव्हाहो वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो. प्रथम हा नियम आम्हांस थोडा जाचक वाटला होता. संध्याकाळीं परततांना त्याचें मर्म समजलें. ज्याच्या आजीनें ती वाट चालली आहे, त्याच्या परवानगीवांचून त्या वाटेवरचें सोनें पाहूं नये हेंच योग्य.

सूर्य कड्याआड गेला तशी थंडी एकदम उतरली. वाटाड्यानें घोड्यांचे तंग सैल केले, खोगिरें उतरविलीं, आणि घामानें ओल्या झालेल्या त्यांच्या पाठी पुसून त्यांस पाण्यावर नेलें. आमच्या डगल्याच्या खिशांत कॉटनवुडचें एक पान वाऱ्यानें येऊन पडलें होतें. तें आम्ही त्याच्या हातीं दिलें, आणि आमच्या देशांत याच ऋतूंत झाडाचें पान सोनें म्हणून वडील मनुष्यास देतात, असें त्याला सांगितलें. त्यानें तें निरखून पाहिलें, हंसला, आणि आपल्या टोपीच्या पट्ट्यांत खोवून ठेवलें. आमचा त्या वर्षाचा दसरा असा वाळवंटांत साजरा झाला.